चालती आणि बंद एकाच भावात

माझ्या मामाकडे गाडी घ्यायला येणारा माणूस आधी फाटकाबाहेर दोन फेऱ्या मारायचा. आपल्याला ओळखीचं कुणी बघत नाही ना, याची खात्री पटली की मगच आत शिरायचा. शहरातल्या सगळ्यात स्वस्त गाड्या मामाकडे मिळायच्या. त्याहून स्वस्त काही हवं असेल तर सायकल घ्यावी लागे. गिऱ्हाईक लाजायचं, मामा मात्र अजिबात नाही. घरातल्या लेकीबाळींबद्दल बोलावं तसा तो गाड्यांबद्दल बोलायचा. "ही सकाळी जरा कुरकुर करते, पण मनाने चांगली आहे." "हिचं डावं दार उघडत नाही, पण तुम्ही एकटेच बसणार ना? मग दोन दारं करायचीत काय?"

मी त्याची भाची. मागच्या खोलीत बसून गाड्यांची कागदपत्रं करायची हे माझं काम. खोटं बोलायचं काम मामाचं, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. पण मामा खोटं बोलत नसे, आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात ही फारच मोठी अडचण आहे. गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच तो गाडीचे सगळे आजार सांगून मोकळा व्हायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा गाडी विकतोय की दवाखान्यात भरती करतोय?

त्याचा एक नियम होता, आणि त्याबद्दल तो कुणाचंही ऐकत नसे. चालती गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही. एंजिन गेलं, सांगाडा मोडला, तर गोष्ट वेगळी. पण जी गाडी स्वतःच्या पायांनी रस्त्यावर जाते, ती माणसाच्या उपयोगी पडलीच पाहिजे. "चालत्या माणसाला कुणी खांद्यावर घेऊन जातं का?" असं तो विचारायचा.

आता यातली गंमत अशी की भंगाराचं आवार आमच्या भिंतीला लागूनच होतं, आणि तेच मामीचं माहेर. अलीकडे सासर, पलीकडे माहेर, मध्ये उंच भिंत. आवार मामीच्या धाकट्या भावाचं. त्यांना सगळे टनशेठ म्हणायचे, कारण टनाच्या खालचं बोलणं त्यांना जमतच नसे. पाहुणे किती आले असं विचारलं तरी ते आधी अंदाज घ्यायचे. माणूस जाडजूड, आवाज दणदणीत, आणि वजनाच्या बाबतीत कमालीचा कडक. फाटकातून आत शिरताच जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा होता. अख्खी गाडी त्याच्यावर उभी करायची आणि बाजूच्या खोलीतल्या भल्यामोठ्या तबकडीवर वजन वाचायचं. "माझ्या तोंडून आजवर एक किलोसुद्धा खोटा गेला नाही," असं टनशेठ सांगायचे, आणि ते खरं होतं.

फाटकावर ते रोज भंगाराचा भाव फळ्यावर लिहायचे. मामाचा सगळा धंदा त्या फळ्यावर चालायचा. मला त्याने ते अगदी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

"हे बघ, महाग गाडीची किंमत तिचा रुबाब ठरवतो. रंग कुठला, साल कुठलं, आधीचा मालक डॉक्टर होता की दलाल. पण खाली खाली येत गेलं की एक जमीन लागते. त्या जमिनीच्या खाली कुठलीच गाडी जात नाही. का?"

"का?"

"कारण तिथे टनशेठ हात पसरून उभे असतात. मी कमी दिले तर ते वजनावर जास्त देतात. म्हणून माझी किंमत त्यांच्या भावाच्या जरा वर. नेहमी जरा वर. म्हणजे चालती गाडी चालणाऱ्याकडे जाते आणि मेलेली त्यांच्याकडे. भाव वर गेला की मी वर, खाली आला की मी खाली. कळलं?"

कळलं. एवढा साधा धंदा. रोज सकाळी घरून येताना फळ्याकडे एक नजर टाकायची, की झालं. आणि नेमकं तेच करायचं मामाने बंद केलं.

त्याचं कारण हिरवी.

हिरवी म्हणजे मामाची स्वतःची गाडी. तिच्यातून त्याने लग्नाच्या दिवशी मामीला घरी आणली होती. आता ती आमच्या आवारात मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असायची. एंजिन कधीच गेलेलं, खालचा पत्रा गंजून गळून पडलेला, चाकांत हवा नाही. पण मामीला तिचा फार उपयोग होता. मामाशी भांडण झालं की मामी हिरवीत जाऊन बसायची, मागच्या सीटवर, काच वर करून. आत तिने एक उशी, एक विणकाम आणि बिस्किटांचा डबा ठेवला होता. तिथून ती तासाभराने उतरायची, कधी दोन तासांनी, डब्यात काय शिल्लक असेल त्याप्रमाणे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही संसार टिकला याचं श्रेय मामा स्वतःला देतो, मामी स्वतःला देते, आणि मी हिरवीला देते.

तर एका वाढदिवसाच्या जेवणाला, सगळे नातेवाईक पानावर बसलेले असताना, टनशेठ म्हणाले, "दाजी, ती हिरवी पाठवून द्या माझ्याकडे. आज लोखंडाच्या भावात तरी जाईल. उद्या गंजून तेवढंही भरायचं नाही वजन."

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना जगात सगळंच वजनात दिसतं, त्याला ते काय करणार? पण मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं लग्न भंगारात काढताय?" असं म्हणून तो भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून दोघांचा अबोला. साधासुधा नाही, अगदी शाळकरी पोरींसारखा कडक अबोला.

मामा फळ्याकडे बघेनासा झाला. टनशेठांच्या आवारासमोरून यायचंच झालं तर छत्री उघडून त्या बाजूला धरायचा, कडक उन्हातसुद्धा आणि सावलीतसुद्धा. लोक वर बघायचे, पाऊस कुठे आहे म्हणून. मी एकदा म्हटलं, "मामा, फळ्यावर आज भाव बराच..."

"त्या फळ्याचं नाव काढायचं नाही!"

"अरे पण भाव..."

"या आवारात यापुढे भाव मी ठरवणार." आणि त्याने ठरवला, म्हणजे भांडणाच्या दिवशी जो होता तोच ठेवला.

पलीकडे टनशेठांचं काही वेगळंच चाललं होतं. आधी त्यांनी छोट्या फळ्याच्या जागी दाराएवढा फळा लावला. मग खडूऐवजी रंगाने आकडे लिहायला लागले. मग तांबड्या रंगाने. मग तो फळा फाटकावरून काढून, आमच्या फाटकातूनही दिसेल असा खांबावर चढवला आणि वर एक दिवा सोडला. मामा जळफळत म्हणाला, "बघितलंस? मिरवतोय. मला खिजवायला दिवे लावतोय." त्याने खुर्ची उचलून पाठ फिरवून ठेवली.

आणि नेमक्या याच दिवसांत मामाचं नशीब उघडलं.

आधी महिन्याला दोन-तीन गाड्या जायच्या. आता एका आठवड्यात तेवढ्या जाऊ लागल्या. गिऱ्हाईकं फाटकाबाहेर फेऱ्या मारत नव्हती, सरळ आत यायची. घासाघीस नाही, कुरकुर नाही. मामा आजार सांगायला लागला की हात वर करून म्हणायची, "राहू द्या हो, आवडली." एकाने तर हॉर्नसुद्धा वाजवून बघितला नाही. एकाने गाडीभोवती फेरी मारून फक्त एवढंच विचारलं, "जड आहे का?" मामा खूश होऊन म्हणाला, "जड? अहो, दणकट आहे! आजकाल असा पत्रा मिळत नाही." त्या माणसाने तिथल्या तिथे पैसे मोजले.

मामा हवेत तरंगायला लागला. मला विक्रीकलेवर व्याख्यानं देऊ लागला. "माणसाच्या डोळ्यांत बघायचं. विश्वास दिसला पाहिजे." आलेल्या पैशांतून त्याने गाड्यांना ऊन लागू नये म्हणून अख्ख्या आवारावर पत्र्याचं नवंकोरं छप्पर घातलं. छप्पर पुरं होईपर्यंत त्याच्याखाली उभ्या करायला गाड्या जेमतेम उरल्या होत्या.

मामी एकटी साशंक होती. "ज्या माणसाला घरातलं जुनं कपाट विकता आलं नाही, त्याच्याकडे रांग लागते? काहीतरी पाणी मुरतंय."

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," मामा म्हणाला. मामी हिरवीत जाऊन बसली.

आता इस्त्रीवाल्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या घराघरांतून कपडे आणून इस्त्री करायच्या आणि बसने पोचवायच्या. बसच्या गर्दीत इस्त्री मोडायची. मग गिऱ्हाईकाच्या दारात पोचल्यावर त्यांच्याच इस्त्रीने पुन्हा कपडे करून द्यायच्या. म्हणजे एकाच पैशात दोनदा काम. "मी कपड्यांना इस्त्री करते आणि बस मला," असं त्या म्हणायच्या. त्यांना एका मोठ्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळणार होतं, अट एवढीच की चादरी गाडीतून, सपाट, वेळेवर आल्या पाहिजेत. हे काम मिळालं तर घरोघर फिरणं सुटणार होतं. नाही मिळालं तर, त्यांचे गुडघे त्यांना सांगतच होते, फिरणंही फार दिवस जमणार नव्हतं.

त्यांनी मामाकडची लाल गाडी पसंत केली होती. पसंत म्हणजे कशी? एक घडी केलेली चादर घेऊन आल्या, मागच्या सीटवर पसरून बघितली, चारी बाजूंनी हात फिरवला, आणि म्हणाल्या, "बसते." पैसे जमायला थोडा अवधी लागणार होता. मामा म्हणाला, "ही तुमची. माझा शब्द." लालच्या छपरावरचा रंग एका जागी उडाला होता, तिथे मामाने मामीच्या नेलपॉलिशने ठिगळ दिलं. मामीची बाटली संपली आणि मामी हिरवीत गेली, ती गोष्ट वेगळी.

आणि तो शब्द मामाने मोडला. एक माणूस आला, आईला दवाखान्यात न्यायचंय म्हणून रडला. मामाचं काळीज लगेच वितळलं. वर विक्रीची धुंदी होतीच. "इस्त्रीवाल्या बाईंना आपण दुसरी देऊ, याहून चांगली! बाजारात गाड्यांना काय तोटा?" असं म्हणून त्याने लाल देऊन टाकली. मी कागद करताना म्हटलं, "मामा, शब्द दिला होतास." तो म्हणाला, "शब्द गाडीचा दिला होता, लालचा नाही." मला त्याचा खरंच राग आला. शब्द लालचाच होता, आणि ते त्यालाही माहीत होतं.

दोन दिवसांनी इस्त्रीवाल्या बाई पैसे जमल्याचं सांगून गेल्या. सोमवारपासून हॉटेलचं काम सुरू होणार होतं. मामा छपरातून उरलेले पैसे खिशात घालून ऐटीत गावाबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला. मलाही घेऊन गेला, विक्रीकलेनंतर आता खरेदीकला शिकवायला.

पहिल्याच गाडीपाशी त्याने किंमत विचारली आणि ऐकून हसला. "अहो, मी किंमत विचारली, तुमच्या घराची नाही." विकणाराही हसला, पण किंमत उतरवली नाही. दुसऱ्या गाडीची तीच गत. तिसऱ्या गाडीचं बॉनेट मामाने उचललं तर आत मोकळं आकाश.

"एंजिन कुठाय?"

"एंजिन नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "वजन आहे."

"आणि तरी एवढी किंमत?"

"काका, कुठल्या जगात राहता? भंगाराचा भाव कुठे गेलाय बघितलं नाही का? आता चालती न् बंद, सगळ्या एकाच भावात. चालती देणारा एखादा खुळा राहिला असेल तर मलाही पत्ता द्या."

मामाने पत्ता दिला नाही. येताना बसमध्ये तो खिशातले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होता. काय चाललंय ते मलाही आता हळूहळू उलगडत होतं.

आवारात आल्यावर तो सवयीने खुर्चीत बसला. खुर्चीची पाठ फळ्याकडे होती, म्हणजे तोंड भिंतीकडे. आणि भिंतीच्या वरून, एवढे दिवस जिथे नुसतं आभाळ दिसायचं तिथून, एक लाल छप्पर डोकावत होतं. छपरावर नेलपॉलिशचं ठिगळ.

मामा खुर्चीवर चढला. मी माझं स्टूल आणून त्याच्या शेजारी चढले. भिंतीपलीकडे एकावर एक रचलेल्या गाड्या होत्या. सकाळी कुरकुरणारी सगळ्यात खाली, तिच्यावर डावं दार न उघडणारी, मग दणकट पत्र्याची, अशा ओळीने सगळ्या. आमच्याकडून गेलेली एकूण एक गाडी. मामाच्या डोळ्यांत बघून विश्वास ठेवणाऱ्या माणसांनी आमच्या फाटकातून गाडी काढली होती, कोपऱ्यावरून वळवली होती, आणि टनशेठांच्या फाटकातून आत घातली होती. मधला फरक खिशात. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर एक चालती गाडी भंगारात जाऊ दिली नाही, त्याने महिनाभरात पॉलिश करून, टाकीत थोडं तेल घालून, सगळ्या गाड्या स्वतःच्या हाताने तिकडे पाठवल्या होत्या.

मामा खुर्चीवरून उतरला तो एकदम म्हातारा दिसत होता. "बाईंना काय सांगू?" एवढंच तो म्हणाला. रडणाऱ्याची आई आठवून मी त्याला बरंच काही ऐकवणार होते, पण त्याचा चेहरा बघून मी नुसतं स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

मामी हिरवीतून सगळं ऐकत होती. काच खाली करून म्हणाली, "चला. माझ्या माहेरी चला."

टनशेठ काट्यापाशीच उभे होते. मामाला फाटकात बघून त्यांचा चेहरा उजळला, पण अबोला आठवून त्यांनी चेहरा लगेच पाडला. दोघं एकमेकांपासून दोन हात अंतर ठेवून उभे राहिले आणि मधोमध मामी. मग जे संभाषण झालं ते असं.

"तुझ्या भावाला विचार," मामा म्हणाला, "माझ्या गाड्या याच्याकडे येत होत्या तर सांगता येत नव्हतं?"

"ताई, दाजींना सांग," टनशेठ म्हणाले, "फळा केवढा केला, तांबडे आकडे काढले, खांबावर चढवला, दिवा लावला. आणखी काय करायचं होतं? त्यांच्या छत्रीवर लिहायचं?"

"विचार याला, मग गाड्या अजून चेपल्या का नाहीत?"

टनशेठांनी दुसरीकडे बघितलं. "चेपायचं यंत्र बिघडलंय म्हणावं," ते म्हणाले. त्यांच्यामागे ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा झकास चौकोन करत होतं.

मामीने भावाकडे बघितलं. मामानेही बघितलं. पण अबोला तो अबोला.

"ताई, दाजींना सांग, लाल हवी असेल तर घेऊन जा म्हणावं. पैसे नकोत."

"तुझ्या भावाला सांग, मला दान नको. याने पैसे मोजून घेतलीय."

"मग ज्या भावाने घेतली त्या भावाने देतो म्हणावं."

तेवढे पैसे मामाकडे नव्हते. होते ते आमच्या आवाराच्या डोक्यावर पत्र्याच्या रूपाने चढून बसले होते. दोघांनाही एकमेकांसाठी काहीतरी करायचं होतं आणि दोघांचाही ताठा आडवा येत होता. मला तर वाटत होतं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

मग मामी म्हणाली, "काय रे, तुझ्याकडे चालत्या गाडीचा आणि बंद गाडीचा भाव वेगळा असतो का?"

"नाही. काट्याला काय कळतंय चालती न् बंद? वजन तेवढं कळतं."

"मग बंद घे आणि चालती दे. किलोला किलो. हिरवी घे, लाल दे."

टनशेठांचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं भंगारात काढून हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. मामाने मामीकडे वळून हळूच विचारलं, "हिरवी?"

"मग काय करायचं? तुम्ही शब्द दिलाय ना?" मामी म्हणाली.

क्रेनने लाल गाडी खाली उतरवली आणि काट्यावर ठेवली. तबकडीचा काटा जिथे थांबला तिथे टनशेठांनी खडूने खूण केली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून हिरवी ढकलत आणली. मामीने स्वतः ताडपत्री काढली, डबा आणि विणकाम माझ्या हातात दिलं. चाकांत हवा नसल्यामुळे हिरवी येतच नव्हती. मामा मागून ढकलत होता आणि मला तर वाटलं, ढकलताना तो तिला थोपटतही होता.

हिरवी काट्यावर चढली. तबकडीवरचा काटा हलला, वर गेला, आणि खुणेच्या बराच खाली थांबला.

गंजाने खाल्लं होतं तिला. टनशेठ वाढदिवसाच्या जेवणात बोलले होते ते खरं निघालं होतं, आणि ते खरं निघाल्याचं सगळ्यात जास्त दुःख त्यांनाच झालेलं दिसत होतं. ते खडू हातात घेऊन नुसते उभे राहिले. चुकीचा आकडा त्यांच्याने लिहवेना, आणि बरोबर आकडा लिहायला हात उचलेना. सवलत मामाने घेतली नसती. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

मामीने पदर खोचला, हिरवीचं मागचं दार उघडलं, आत बसली, आणि काच वर केली.

तबकडीचा काटा पुन्हा हलला. हळूहळू चढत गेला आणि बरोबर खडूच्या खुणेवर येऊन उभा राहिला.

"ताई," टनशेठ म्हणाले, "उतर."

मामीने काच बोटभर खाली केली. "मी रुसलेय."

"वजन चाललंय, ताई!"

"मग घे ना. मी कुठे नको म्हणतेय?"

टनशेठ तबकडीकडे बघत राहिले. मग त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट मामाशी बोलले.

"दाजी, तुमचं लग्न झालं ना, तेव्हा आमचं घर या आवारातच होतं. बाहेर पडायचं म्हणजे काट्यावरूनच जावं लागायचं. तुम्ही ताईला घेऊन निघालात तेव्हा मी याच खोलीत होतो. सगळे रडत होते, मलाही रडू येत होतं. कुणाला दिसू नये म्हणून मी तबकडीकडे बघत बसलो होतो." त्यांनी बोट दाखवलं. "तेव्हाही काटा इथेच होता. अगदी इथे."

"तेव्हा मी किती बारीक होते!" मामी आतून ओरडली.

"आणि गाडी भरलेली होती," टनशेठ म्हणाले. "गाडी घटली, तू वाढलीस. बेरीज तीच."

मामाने चष्मा काढून पुसला. मग दुकानात बोलतो तसं म्हणाला, "वजन बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. एक किलो इकडेतिकडे नाही. लाल घेऊन जा."

सोमवारी इस्त्रीवाल्या बाई लाल गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्या चादरी रचून आमच्या फाटकासमोरून गेल्या. वळणावर इतक्या सावकाश गेल्या की मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. चादरींना सुरकुती पडू द्यायची नव्हती. मामा फाटकात उभा राहून दिसेनाशा होईपर्यंत बघत होता.

बाकीच्या गाड्याही एकेक करून परत आल्या. आजूबाजूच्या गावांत बंद पडलेल्या गाड्यांची काही कमी नव्हती. कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या तर कोंबड्या राहत होत्या त्यात. विकल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर मामा त्या ओढून आणायचा, काट्यावर चढवायचा आणि तेवढ्याच वजनाची चालती घेऊन छपराखाली उभी करायचा. भाव वाढो की पडो, किलोला किलो. आता रोज सकाळी तो फळ्यापाशी उभा राहून भाव मोठ्याने वाचतो आणि मग टनशेठांकडे चहा पितो. छत्री फक्त पावसातच उघडतो.

हिरवी अजून पलीकडच्या आवारात, काट्याशेजारी उभी आहे. चेपायची कधी, असं मी एकदा टनशेठांना विचारलं. त्यांना त्या प्रश्नाचा रागच आला.

"चेपू कशी?" ते म्हणाले. "पावतीवर गाडी आणि ताई असं मिळून वजन लिहिलंय. माल पुरा जमा झाल्याशिवाय यंत्रात घालायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. ताई अर्ध्यातच उतरून घरी गेली. तिने आधी तिचं वजन पुरं करावं."

म्हणून मामाशी भांडण झालं की मामी आता विणकाम आणि डबा घेऊन फाटकातून पलीकडे जाते आणि हिरवीत बसते. टनशेठ खोलीतून बाहेर येऊन ओरडतात, "ताई, आलीस का हप्ता भरायला?" मामी काच वर करते. मग ते डब्यात बिस्किटं आहेत का ते बघतात, नसली तर आणून ठेवतात, आणि संध्याकाळी मामा तिला न्यायला येतो तेव्हा त्याला सांगतात, "नाही भरलं हो अजून, दाजी. उद्या परत पाठवा."